झोपवायची पद्धत

दारू प्यालेल्या माणसाला झोपवायची माझी एक पद्धत आहे. बावीस वर्षांच्या संसारात ती पक्की झाली. आधी बूट काढायचे. मग पट्टा सैल करायचा. खिशातला पेचकस, टॉर्च, चाव्या बाहेर काढून टेबलावर ठेवायच्या, नाहीतर त्या बरगडीत रुततात आणि सकाळी तो मलाच विचारतो की मला मारलंस का. मग डाव्या कुशीवर वळवायचं आणि पाठीला उशी दुमडून लावायची, म्हणजे उताणा होत नाही. पलंगाखाली बादली सरकवायची. शेवटी दार लोटून आपल्या कामाला लागायचं आणि तो काहीही म्हणाला तरी उत्तर द्यायचं नाही. लग्नानंतरची पहिली सहा वर्षं मी प्यालेल्या माणसाशी वाद घालण्यात घालवली. ती कुणी परत देणार असेल तर मला हवी आहेत.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. आम्ही लग्नाच्या आधीपासून एकमेकांना अरेतुरे करतो, सासूबाईंना ते शेवटपर्यंत आवडलं नाही. माणूस कामाला वाघ. लिफ्टच्या खड्ड्यात शिडीने उतरायचं, डब्याच्या टपावर उकिडवं बसून तारा तपासायच्या, हे त्याने तीस वर्षं केलं आणि त्यात त्याचे गुडघे गेले. वजन एकशे अठरा. हाडांचे डॉक्टर म्हणाले, शंभरच्या खाली या, मग गुडघा बदलू, तोवर मी हात लावणार नाही. आणि गुडघा बदलला नाही तर कंपनी त्याला तक्रारीच्या फोनवर बसवणार होती. म्हणजे खुर्चीत बसून, अडकलेल्या लोकांच्या शिव्या खायच्या. त्यापेक्षा मला खड्ड्यात ढकला, असं तो म्हणाला होता.

म्हणून वजन उतरवायचं ते इंजेक्शन सुरू झालं, आठवड्यातून एक, पोटावर. रविवारी सकाळी मीच द्यायची, कारण लिफ्टचा साठ किलोचा दरवाजा एकट्याने उचलणारा हा माणूस सुई बघितली की डोळे मिटून घेतो.

इंजेक्शन मला नवीन नव्हतं. मी घरीच कपडे दुरुस्त करून देते, पुढच्या खोलीत मशीन आहे, आरसा आहे, कपडे टांगायला दांडा आहे. पूर्वी बायका कानात सांगायच्या, "जरा सैल कर गं." आता दारातूनच ओरडतात, "आत घे, आणखी आत घे!" दोन वर्षं झाली, माझ्याकडे येणारे निम्मे कपडे घेर कमी करायला येतात. कोणाला मळमळतं, कोणाला डोकं दुखतं, कोण कितीने उतरलं, सगळं मला ठाऊक असतं. तोंडात टाचण्या धरलेल्या बाईला लोक काहीही सांगतात.

तो उतरायला लागला. दुसऱ्या महिन्यात पँटचा घेर दोन बोटं आत घेतला, चौथ्यात पुन्हा, सहाव्यात सरळ नवी पँट शिवली. आणि मध्येच कधीतरी दारू सुटली. त्याने सोडली नाही, सुटली. एका शनिवारी ग्लास भरला, दोन घोट घेतले आणि म्हणाला, "मजा येत नाही." ग्लास तसाच ठेवून टीव्ही बघायला गेला. मी स्वयंपाकघरात उभी राहून त्या भरलेल्या ग्लासाकडे बघत होते. बाटली कपाटात राहिली, तिच्या खांद्यावर धूळ बसली.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा राग आला. बावीस वर्षं मी रडले, भांडले, अबोला धरला, लेकीला घेऊन भावाकडे जाऊन राहिले, देवाला साकडं घातलं, त्याच्या आईच्या पाया पडले. त्या सगळ्याने जे झालं नाही ते एका सुईने चार महिन्यांत करून दाखवलं. तेही तिला करायचं नसताना. मी लेकीला हे बोलून दाखवलं तर ती हसली. "आई, औषधावर जळतेस?" म्हणाली. हो, जळत होते.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं, हे मला कबूल करायलाच हवं. साखरेचे डॉक्टर, पोरगेलेसे, पण बोलायला व्यवस्थित. त्याला नऊ वर्षं साखरेची गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणाले, "या इंजेक्शनने भूक मरते. जेवण फारच कमी झालं तर मला फोन करा, गोळी कमी करावी लागेल. दारू नकोच. घेतलीच तर उपाशीपोटी मुळीच नको, साखर एकदम खाली येईल. घाम, थरथर, जीभ जड होणं, तोल जाणं, असंबद्ध बोलणं, असं काही दिसलं की लगेच साखर द्यायची." मी मान डोलावत होते. मनात म्हटलं, डॉक्टर, हे सगळं आमच्याकडे दर शनिवारी दिसतं. आणि "दारू नको" हे वाक्य मी इतक्या डॉक्टरांकडून ऐकलं होतं की त्याच्या पुढचं माझ्या कानात शिरलंच नाही.

फोनही केला नाही. तो चार घास खाऊन उठायचा आणि मी खूश व्हायची. वजनकाट्यावर एकशे दोन दिसत होते. अजून तीन किलो, मग गुडघा. अशा वेळी कोण फोन करून सांगतं की माझा नवरा कमी जेवतो म्हणून?

तो दिवस गुरुवार होता. त्याच्या जोडीदाराचा निरोपसमारंभ होता वर्कशॉपमध्ये. हा जोडीदार उंचीला इतका बेताचा की कंपनीत सगळे त्याला तळमजला म्हणतात. दोघांनी सव्वीस वर्षं एकाच लिफ्टच्या टपावर काढली. सकाळी नवऱ्याने नेहमीच्या वेळी गोळी घेतली, अर्धा कप चहा घेतला. "खाऊन जा," मी म्हटलं. "वासानेच नको होतं. तिथे जेवण आहेच," तो म्हणाला आणि गेला.

तीन वाजून वीस मिनिटांनी दारात किल्ली खरवडण्याचा आवाज आला. किल्ली भोकात न जाता आजूबाजूला फिरतेय, हा आवाज मी झोपेतही ओळखते. उठून दार उघडलं. तो चौकटीला धरून उभा होता. तोंडाला वास होता.

"झालं?" मी म्हटलं.

"एकच," तो म्हणाला. जीभ जड. "एकच ग्लास गं."

आता जगात असा कोणता प्यालेला माणूस आहे जो दुसरा ग्लास मोजतो? सहा महिने. सहा महिने मी दारात किल्लीचा आवाज ऐकायला कान देऊन बसले नव्हते. संध्याकाळी फिरायला जात होते, एक पुस्तक वाचून संपवलं होतं. ते सगळं एका क्षणात गेलं असं वाटलं. मला रडू आलं नाही, की ओरडावंसं वाटलं नाही. इतकी दमले की तिथेच खाली बसावंसं वाटलं.

"मला काहीतरी होतंय," तो म्हणाला.

"होणारच," मी म्हटलं.

पद्धतीप्रमाणे सगळं केलं. बूट काढले, पट्टा सैल केला, खिसे रिकामे केले. शर्ट पाठीला चिकटला होता, पार ओला. प्यायल्यावर तो लाल होतो, गरम होतो, त्या दिवशी पांढरा होता आणि हात गार लागत होते. हे मी पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं, जिना चढून आलाय म्हणून असेल म्हटलं. तो माझं मनगट धरून म्हणाला, "जेवलो नाही मी." मी मनगट सोडवून घेतलं. कुशीवर वळवलं, उशी लावली, बादली ठेवली, दार लोटलं.

मशीनवर बसले. पाचला एक शिक्षिकाबाई पँट न्यायला येणार होत्या, तिचं कंबरपट्टीचं काम राहिलं होतं. वीसेक मिनिटांनी आतून हाक आली. माझ्या नावाने. नंतर पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा हळू. मी मशीनच्या पायडलवरून पाय काढला नाही. पाणी मागेल, मग माफी मागेल, मग रडेल, मग त्याचा बाप कसा होता ते सांगेल. मला त्यातलं काहीही ऐकायचं नव्हतं. तिसरी हाक आली नाही. बरं झालं, झोपला, असं मी चक्क मोठ्याने म्हटलं.

शिक्षिकाबाई पाचला पाच मिनिटं कमी असताना आल्या. हसतमुख बाई, इंजेक्शनने नऊ किलो उतरलेल्या. आरशासमोर उभ्या राहिल्या, मी खाली बसून पायाची लांबी टाचत होते आणि त्या बोलत होत्या.

"अहो, परवा काय फजिती झाली! भावाकडे गेले होते. अर्धा ग्लास वाइन घेतली, फक्त अर्धा. दिवसभर काही खाल्लं नव्हतं, हल्ली आठवणच राहत नाही ना. हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला, शब्द फुटेना. आमच्या ह्यांना वाटलं मला चढली! हसत बसले. वहिनी माझी नर्स आहे, तिने तोंडात साखर कोंबली म्हणून. साखर उतरली होती माझी. मलाही ती गोळी आहे ना."

टाचणी माझ्या हातात तशीच राहिली. मी कान दिला. आतून काही ऐकू येत नव्हतं. प्यायला की तो असा घोरतो की खालच्या मजल्यावरच्या आजी सकाळी मला विचारतात, रात्री सामान हलवत होतात का. दीड तास झाला होता आणि घोरण्याचा आवाज एकदाही आला नव्हता. मला मगाशी तेच बरं वाटलं होतं.

मी आत धावले. तो ज्या कुशीवर ठेवला होता त्याच कुशीवर होता. उशी भिजली होती. दात घट्ट मिटलेले, श्वास घशातून गुरगुरत येत होता. ओठांच्या कडेने ओकारी येऊन गालाखाली पसरली होती. मी नावाने हाक मारली, खांदा हलवला, थोबाडीत मारली. डोळे उघडले नाहीत.

रुग्णवाहिकेला फोन शिक्षिकाबाईंनी केला, एका पायाला टाचण्या लावलेली पँट तशीच अंगात. मी साखरेचा डबा घेऊन आले तर त्या फोनवर ऐकून ओरडल्या, "तोंडात काही घालू नका! बेशुद्ध आहेत, घुसमटतील. कुशीवर आहेत का विचारतायत."

"आहे," मी म्हटलं. "मीच ठेवलाय."

रुग्णवाहिकेतल्या माणसाने बोटाला सुई टोचली, छोट्या यंत्राकडे पाहिलं आणि सोबत्याला म्हणाला, "अठ्ठावीस." कितीपर्यंत चालतं हे मला माहीत नव्हतं, पण त्याचा आवाज ऐकून कळलं. दंडातून सलाईनने साखर सोडली. जिन्यातून खाली नेताना दोघांनी मला विचारलं, लिफ्ट नाही का? आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस रोज तीन मजले चढून येतो.

दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे घेतला. "शेवटचं नीट बोलले ते कधी?"

"साडेतीनला. त्याच्या आसपास."

"आणि बेशुद्ध दिसले?"

"पाचनंतर."

"मधल्या वेळात कोणी जवळ नव्हतं?"

"मी होते," मी म्हटलं. "पलीकडच्या खोलीत."

त्यांनी मान वर करून पाहिलं आणि वेळ लिहून घेतली. म्हणाल्या, "कुशीवर होते हे चांगलं झालं. उताणे असते तर ओकारी छातीत गेली असती." त्या बाई मला ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

बाहेर बाकावर तळमजला बसला होता, माझा फोन जाताच धावत आलेला. निरोपाला मिळालेला कोट अंगावर तसाच, कोटाच्या खिशात फूल. मला बघून उभा राहिला.

"वहिनी, शपथेवर सांगतो, एकच ग्लास. तोही मी गळ घातली म्हणून. म्हटलं, सव्वीस वर्षं झाली, माझ्यासाठी एक. घेतला आणि तोंड वाकडं केलं. ताटाला तर हातच लावला नाही. मग हात थरथरायला लागले त्याचे. मी म्हटलं, सोडायला येतो. नको म्हणाला. तुझा दिवस आहे, तू थांब म्हणाला. घरी जातो, ती बघेल."

"काय म्हणाला?"

"ती बघेल म्हणाला."

मी बाकावर बसले. तळमजलाही शेजारी बसला. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

लेक आली ती रागाने लाल होऊन. दारूचं तेवढंच तिला फोनवर कळलं होतं. "पुन्हा? सहा महिन्यांनी पुन्हा? आई, तू कशी गं सहन करतेस?" मी तिला म्हटलं, एकच ग्लास होता. प्यालेल्या माणसाची सबब ऐकावी तशा नजरेने ती माझ्याकडे बघू लागली. ती नजर तिने माझ्याकडूनच उचलली आहे. लहानपणी ती दारामागे उभी राहून बघायची, मी बूट कसे काढते, बादली कशी ठेवते.

संध्याकाळी सातच्या सुमारास तो शुद्धीवर आला, पण बोलत नव्हता, नुसता बघत होता. साखर पुन्हा पुन्हा खाली येत होती. गोळीचा अंमल उतरायला वेळ लागतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बोलेल ना, असं मी विचारलं. सकाळपर्यंत थांबू या, म्हणाल्या. एवढा वेळ मेंदूला साखर मिळाली नाही, म्हणून बघावं लागेल. सकाळपर्यंत मी खुर्चीत बसून होते. दुसरं काही नको, गुडघा नको, नोकरी नको, फक्त त्याला त्याच्यासारखं बोलता येऊ दे, एवढंच मनात होतं.

सकाळी आठला लेक चहा आणायला खाली गेली. मी त्याचा टॉवेल घडी घालत होते.

"तळमजला घरी गेला का?" मागून आवाज आला.

घसा बसलेला होता, पण आवाज त्याचाच होता. मी पलंगाच्या कडेवर बसले.

"गेला. पहाटे."

"कोट घालूनच?"

"हो."

तो हसल्यासारखा झाला. मग त्याने बोटं हलवून बघितली, एक एक करून, तारा तपासतो तशी. मी पाणी दिलं. डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं. गोळी बंद केली आहे, इंजेक्शनचं नंतर बघू म्हणतात, वजन एकशे एक भरलं. तो ऐकत होता.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "रिकाम्या पोटी घ्यायला नको होता."

"हं."

"जिना चढताना कळलं होतं मला. पाय माझे नव्हतेच. मग तू बूट काढलेस. मग तू दार लोटलंस."

मी त्याच्याकडे पाहिलं. प्यायल्यानंतरचं त्याला कधीच काही आठवत नाही. त्या भरवशावर मी आजवर त्याला झोपवताना काय काय बोलले आहे, ते मी कुणालाही सांगणार नाही. पण कालच्या दिवशी तो प्यालेला नव्हता.

"मी तुला हाक मारली," तो म्हणाला.

बाहेर कुणीतरी चाकांची ट्रॉली ढकलत चाललं होतं. ती जाईपर्यंत तो थांबला.

"मशीन चालू होतं ना तुझं," तो म्हणाला. "त्यात तुला ऐकू आलं नसेल."

त्याने ते अगदी सहज म्हटलं, आणि माझ्याकडे न बघता. मला नुसती मान हलवायची होती. त्याच्यासाठी मी अशा किती सबबी शिवल्या आहेत, त्याच्या ऑफिसात, माझ्या भावाकडे, लेकीच्या शाळेत. एक त्याने माझ्यासाठी आणली होती, आणि मी खूप दमले होते.

"आलं होतं," मी म्हटलं.

तो छताकडे बघत राहिला.

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."